ठाण्या-नवी मुंबईच्या उकाड्यात फ्युएल सेल पंपाशिवाय थंड ठेवायचा तर: हीट पाइपची जुळणी

१०० वॉट वीज देणारा पीईएम फ्युएल सेल (पातळ मेम्ब्रेनच्या एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा देऊन वीज बनवणारा) जवळपास तेवढीच उष्णताही तयार करतो. पेट्रोल इंजिनाची बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून परस्पर निघून जाते. इथे मात्र बाहेर पडणारी हवाच जेमतेम ६० डिग्रीची असते, त्यामुळे ती फारसं काही सोबत नेत नाही. उरलेली सगळी उष्णता स्टॅकच्या, म्हणजे एकाला एक लावून रचलेल्या सेलच्या गठ्ठ्याच्या, अंगातून ओढून काढावी लागते. ती ओढायला साधारणपणे पंप, डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी आणि रेडिएटर लावतात. छोट्या स्टॅकला हा सगळा पसारा जड जातो: पंप वीज खातो, पाण्याची चालकता वाढत गेली की तेच पाणी विजेला वाट करून देतं, आणि एक जोड गळला की काम ठप्प.

हीट पाइपने, म्हणजे आत थोडंसं पाणी ठेवून सील केलेल्या तांब्याच्या नळीने, पंप आणि फिरतं पाणी दोन्ही वाचतात. पण आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हीट पाइप काहीही थंड करत नाही, तो उष्णता फक्त एका जागेवरून दुसरीकडे नेतो. शेवटी ती हवेतच सोडायची असते, आणि आपल्याकडची हवा मे महिन्यात सावलीतही ३७-३८ डिग्री असते, पत्र्याच्या शेडखाली ४० च्या पुढे. स्टॅक ठेवायचा ६५ वर. म्हणजे हातात डिग्री उरतात फक्त २५. युरोपातल्या एखाद्या प्रयोगशाळेत २० डिग्रीच्या खोलीत हाच स्टॅक ठेवला तर हातात ४५ असतात. तिथली ड्रॉइंग जशीच्या तशी उचलून ऐरोलीत किंवा घोडबंदर रोडला बसवली की एप्रिलमध्ये का तापतात, त्याचं उत्तर एवढंच आहे.

म्हणून एकही भाग विकत घेण्याआधी हे २५ डिग्री कुठे कुठे खर्च होणार ते कागदावर मांडायचं.

उष्णता किती

सूत्र सोपं आहे. दर सेलचा व्होल्टेज १.२५ मधून वजा करा, त्याला करंटने आणि सेलच्या संख्येने गुणा. आपलं उदाहरण २० सेलच्या स्टॅकचं: सक्रिय भाग ५० × ५० मिमी, ग्राफाइटची प्लेट ८० × ८० मिमी, दर सेल ०.६५ व्होल्ट. म्हणजे स्टॅकचे १३ व्होल्ट, आणि १०० वॉटला करंट ७.७ अँपिअर. उष्णता आली ०.६ × ७.७ × २० = ९२ वॉट.

१.२५ हा आकडा तयार झालेलं सगळं पाणी वाफ होऊन बाहेर जातं असं धरून आहे. ते स्टॅकमध्येच द्रव झालं तर १.४८ धरावं लागतं, आणि उष्णता १२८ वॉटपर्यंत जाते. खरा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. डिझाइन १०० वर करायचं आणि चाचणी १२५ वरही घ्यायची, हा आमच्या मते व्यवहार्य मार्ग.

सेल म्हातारा होतो तसा त्याचा व्होल्टेज उतरतो आणि तेवढ्याच करंटला उष्णता वाढते, हेही इथेच लक्षात घ्या. ०.६५ चा ०.६० झाला तरी ९२ चे १०० होतात.

कुठला स्टॅक चालतो, कुठला नाही

बाजारात मिळणारे बरेचसे छोटे स्टॅक ओपन कॅथोड प्रकारचे असतात. मागे पंखा लावलेला असतो आणि तीच हवा ऑक्सिजनही देते, थंडही करते. त्यांना हीट पाइप लावण्यात काही अर्थ नाही. इथलं सगळं बंद कॅथोडच्या स्टॅकसाठी आहे. त्याला वेगळ्या छोट्या एअर पंपातून मिनिटाला ६-७ लिटर हवा मिळते आणि त्याच्या प्लेटच्या कडा बाजूने उघड्या असतात.

प्लेट कशाची आहे ते विचारून घ्या, कारण इथे पहिला मोठा खर्च होतो. उष्णता प्लेटच्या मधून कडेपर्यंत प्लेटमधूनच जाते. मशीन केलेल्या घट्ट ग्राफाइटची उष्णतावाहकता १०० वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते. ३ मिमीच्या प्लेटमध्ये चॅनल कोरून झाल्यावर उष्णतेला वाट म्हणून २ मिमी उरतात असं धरलं, तर मध्यापासून कडेपर्यंत साधारण ५ डिग्री जातात. साच्यात दाबून केलेल्या राळमिश्रित ग्राफाइटची वाहकता २० असेल तर हाच खर्च २५ च्या घरात जातो आणि सगळा हिशेब तिथेच संपतो. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात अंतराळासाठी पॅसिव्ह (पंपाशिवायच्या) कूलिंगवर काम झालं, तेव्हा पायरोलिटिक ग्राफाइटच्या आणि टायटॅनियमच्या चपट्या हीट पाइपच्या प्लेट तपासल्या गेल्या, त्या याच कारणाने: उष्णता सेलच्या पोटातून कडेपर्यंत आणणं हाच अवघड टप्पा. आपल्या ५० मिमीच्या सेलला साधं घट्ट ग्राफाइट पुरतं. सेल १०० मिमी रुंद असेल तर पुरत नाही, कारण हा फरक रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

२५ डिग्रीचा जमाखर्च

मांडणी अशी: स्टॅकच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा एकेक ब्लॉक, प्रत्येकात तीन हीट पाइप, आणि वर त्यांना लावलेला हीट सिंक, म्हणजे हवेत उष्णता सोडणारा पात्यांचा (फिनचा) ॲल्युमिनियमचा तुकडा. प्लेटच्या मध्यापासून कडेपर्यंत ५. कडेपासून ॲल्युमिनियमच्या ब्लॉकपर्यंत, म्हणजे इन्सुलेटिंग पॅडमधून, ३. ब्लॉकपासून हीट पाइपमध्ये १. हीट पाइपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३. पाइपपासून हीट सिंकमध्ये १. बेरीज १३. हवेसाठी उरले १२.

पंख्याशिवाय, नुसत्या वर चढणाऱ्या हवेत दर चौरस मीटरमागे दर डिग्रीला ५ ते ६ वॉट निघतात. १०० भागिले (६ गुणिले १२), म्हणजे १.४ चौरस मीटर पृष्ठभाग लागणार. नवख्या माणसाने हा आकडा पाहूनच पुढे जायचं की नाही ते ठरवावं. १०० वॉटला दोन भरभक्कम हीट सिंक लागतात. २०० वॉटला पूर्ण पॅसिव्ह (पंप नाही, पंखाही नाही) ठेवण्याचा हट्ट आपल्या हवामानात धरू नये. पंपाशिवायच ठेवा, पण पंखा घ्या.

सामान

- हीट पाइप ६ नग: तांबं आणि पाणी, सिंटर्ड वात (आतून तांब्याची पूड भाजून चिकटवलेला सच्छिद्र थर), व्यास ८ मिमी, लांबी ३५० मिमी, गोल, निकेल प्लेटिंग असलेले. दोन जास्तीचे घ्या.
- ॲल्युमिनियम ६०६१ किंवा ६०६३ च्या प्लेट ४ नग, ८० × ७५ × १० मिमी. दोन-दोन मिळून एक ब्लॉक होतो.
- एक्स्ट्रूडेड हीट सिंक २ नग: २५० × २५० मिमी, तळ किमान ८ मिमी, फिन ५० मिमी उंच, फिनमधलं अंतर ८ ते १० मिमी, काळं ॲनोडायझिंग. एकाचा पृष्ठभाग ०.७ चौरस मीटरच्या आसपास येतो.
- फायबरग्लासची जाळी असलेला सिलिकॉन थर्मल पॅड, ०.५ मिमी, वाहकता ३ किंवा जास्त.
- वीज न वाहणारी थर्मल पेस्ट, एम-४ चे स्टीलचे बोल्ट, स्प्रिंग वॉशर.
- डीएस-१८-बी-२० तापमान सेन्सर ८ नग आणि ते वाचणारा कुठलाही छोटा कंट्रोलर.
- केएसडी-३०१ थर्मोस्टॅट दोन: ५० डिग्रीला जोडला जाणारा एक, ७५ डिग्रीला तुटणारा एक.
- चाचणीसाठी ८० × ८० × ७५ मिमीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, थ्रीडी प्रिंटरचे २४ व्होल्ट ४० वॉटचे कार्ट्रिज हीटर ४ नग, आणि व्होल्टेज बदलता येणारा १० अँपिअरचा डीसी सप्लाय.

सेन्सर, थर्मोस्टॅट, हीटर, सप्लाय लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतात. ब्लॉक आणि सिंकमधल्या खाचा वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात एखाद्या मिलिंगच्या जॉबवर्कवाल्याकडून करून घ्यायच्या. एका जोडीचं काम घ्यायला दुकानदार कधी कधी नाक मुरडतो. चार-पाच जणांनी एकत्र ऑर्डर दिली की सोपं जातं.

आणि एक: कॉम्प्युटरच्या टॉवर कूलरचा फिनचा गठ्ठा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्यात फिनमधलं अंतर २ मिमीच्या आसपास असतं. पंखा असेल तर उत्तम, पंख्याशिवाय त्यात हवा अडकून बसते. शिवाय पाइप उभे ठेवले की ते फिन आडवे होतात आणि गरम हवेला वर जायला वाटच राहत नाही. एक्स्ट्रूडेड सिंकमध्ये पाइपही उभा, फिनही उभे, दोन्ही कामं एकदम होतात. जुन्या लॅपटॉपचे चपटे पाइपही नकोत. चपटे केलेल्या पाइपची क्षमता घटते, आणि त्यांची लांबीही पुरत नाही.

पहिली पायरी: पाइप तपासणे

८ मिमीच्या पाइपात पाणी असतं जेमतेम दोन-तीन मिली. हवा काढून सील केल्यामुळे ते कमी तापमानालाही उकळतं: ६५ डिग्रीला आतला दाब वातावरणाच्या पाव भागाएवढा असतो. गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला तिचं पाणी होतं, ते वातीतून परत येतं. आपल्याकडे सहा पाइपवर १०० वॉट, म्हणजे एकावर १७ वॉट. त्यासाठी मिनिटाला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी पाणी फिरावं लागतं. ८ मिमीचा चांगला पाइप याच्या तिप्पट सहज नेतो. त्यामुळे एका बाजूचा एखादा पाइप मेला तरी उरलेले दोघं २५-२५ वॉट घेऊन वेळ निभावतात.

आलेला प्रत्येक पाइप जोडणीआधी तपासायचा. स्टीलच्या भांड्यात ६५ डिग्रीचं पाणी घ्या. पाइपचं खालचं ८० मिमी टोक त्यात बुडवा आणि वरच्या टोकापासून ३० मिमी खाली सेन्सर टेपने बांधा. काही सेकंदांतच आकडा चढायला लागला पाहिजे. मिनिटभरात तो पाण्याच्या तीन डिग्रीच्या आत आला, तर पाइप चांगला. चढतो पण वरचं ३०-४० मिमी थंडच राहतं, तर आत थंड होऊनही द्रव न होणारा वायू साचलाय. वाफ त्याला ढकलत टोकाला नेते आणि तेवढी लांबी वाया जाते. असा पाइप बाजूला ठेवा. बोटाने तपासू नका, चांगला पाइप एका क्षणात चटका देतो.

हा वायू बहुतेक वेळा खराब सफाईमुळे किंवा चुकीच्या धातूमुळे तयार होतो. ॲल्युमिनियमच्या नळीत पाणी भरलं तर दोघांची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि पाइप मरतो. म्हणून पाण्याबरोबर तांबं, आणि ॲल्युमिनियमच्या नळीत अमोनिया किंवा ॲसिटोन. घरी पाइप बनवायच्या भानगडीत पहिल्या प्रयत्नात तरी पडू नका.

पाइप कापू नका, छिद्र पाडू नका, कानशीने घासू नका, गॅसच्या ज्योतीजवळ नेऊ नका. २०० डिग्रीला आतला दाब १५ बारच्या वर जातो आणि पाइप फुटू शकतो.

दुसरी पायरी: वाकवणे आणि खाचा

लांबीची वाटणी अशी: खालचे ८० मिमी ब्लॉकमध्ये, मधले ३० मिमी मोकळे, वरचे २४० मिमी सिंकच्या पाठीवर. ब्लॉकमध्ये तीन पाइप २५ मिमी अंतरावर बसतात. सिंक २५० मिमी रुंद आहे, म्हणून बाहेरचे दोन पाइप मोकळ्या भागात २० अंशांनी फाकवायचे. मधला सरळ. वाकवताना ८ मिमीचा खोबणीचा बेंडरच वापरा आणि वळणाची त्रिज्या २४ मिमीपेक्षा कमी होऊ देऊ नका. हाताने गुडघ्यावर वाकवला की आतली सिंटर्ड वात तडकते. बाहेरून काही दिसत नाही, पाइप मात्र निम्मा होतो. म्हणून वाकवल्यावर गरम पाण्याची तपासणी पुन्हा एकदा. दोन्ही टोकांचे १० मिमी सीलिंगचे असतात, ते काम करत नाहीत. तिथे वळणही नको आणि त्यांना हिशेबातही धरू नका.

ब्लॉकच्या दोन अर्ध्या प्लेटमध्ये ८ मिमीच्या बॉल-नोज कटरने अर्धगोल खाच, खोली ३.९५ मिमी. दोन्ही मिळवल्यावर मधे ०.१ मिमी फट उरते, आणि बोल्ट आवळले की पकड पाइपवर येते. खाच ४.१ झाली तर प्लेट एकमेकींना टेकतात आणि पाइप आत सैल राहतो. दुकानात ड्रॉइंग देताना हा आकडा तोंडीही सांगा. एम-४ बोल्ट दीड न्यूटन-मीटरला थांबवा. जास्त आवळलं तर पाइप चेपतो. पेस्ट पातळ थरात, संपूर्ण खाचेत. सिंकच्या पाठीवरही तशाच खाचा आणि वरून २ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या.

तिसरी पायरी: विजेचं इन्सुलेशन

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते इथे. स्टॅकमधली प्रत्येक प्लेट वेगळ्या व्होल्टेजवर असते. पहिली आणि शेवटची यांच्यात लोड नसताना १९ व्होल्ट असतात. ॲल्युमिनियमचा ब्लॉक या सगळ्या कडांना एकदम टेकतो. मधला पॅड फाटला तर तो थेट शॉर्ट. दोन गोष्टी यात फसव्या आहेत. एक, पॅड एकाच ठिकाणी फाटला तर काहीच होत नाही, सगळं नीट चालतं. दुसऱ्या ठिकाणी फाटला की मधले सेल शॉर्ट होतात आणि प्लेट जळते. दोन, धातूच्या टोपणातला तापमान सेन्सर थेट प्लेटला चिकटवला तर तोही पॅडचंच काम बिघडवतो. त्याला स्वतंत्र टेप हवी.

म्हणून: प्लेटच्या कडा एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. ०.२ मिमीपेक्षा जास्त वर-खाली नको, नाहीतर पुढे आलेली कड पॅडमध्ये रुतते. कडेचे टोकदार कोपरे बारीक पॉलिशपेपरने मारा आणि ग्राफाइटची पूड पुसून काढा, ती वीज वाहते. आधी स्टॅकचे एंड प्लेटचे बोल्ट त्यांच्या ठरलेल्या टॉर्कला, मग बाजूचे ब्लॉक स्प्रिंग वॉशरने. ब्लॉक एंड प्लेटला कुठेही टेकू नये, १ मिमी मोकळं सोडा. शेवटी मल्टिमीटर २० मेगाओहमच्या रेंजवर ठेवून ब्लॉक आणि प्रत्येक प्लेट यांच्यात मोजा. सगळ्या प्लेटना आकडा रेंजबाहेर गेला पाहिजे. ही मोजणी स्टॅकमध्ये हायड्रोजन नसताना करायची. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) स्टॅकला लावू नका.

मनाला शांती म्हणून पॅडखाली कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या पातळ टेपचा) एक थर घालावासा वाटतो. २५ मायक्रॉनचा तो थर दोन डिग्री खातो. हिशेबात जागा असेल तर घाला. आमचं मत: सिलिकॉन पॅड जाळीचा असेल आणि कडा साफ असतील तर त्याची गरज नाही.

तांब्याबद्दल अजून एक. तांब्याचे आयन मेम्ब्रेनमध्ये शिरले की प्रोटॉनची जागा अडवतात आणि सेलची शक्ती कायमची उतरते. हीट पाइपवरून ओघळलेलं पाणी वायूच्या तोंडांजवळ जाता कामा नये.

चौथी पायरी: हायड्रोजनच्या आधी हीटर

पहिली चाचणी खऱ्या स्टॅकवर करू नका. स्टॅकच्या जागी ॲल्युमिनियमचा ठोकळा ठेवा, त्यात ६ मिमीची चार भोकं पाडून हीटर पेस्टसह बसवा आणि चारही समांतर जोडा. २४ व्होल्टला ते १६० वॉट घेतात. सप्लाय १९ व्होल्टवर आणला की १०० वॉट आणि करंट सव्वापाच अँपिअर, २१.२ व्होल्टला १२५ वॉट. मीटरवर दोन्ही आकडे बघून गुणाकार करा. हीटरवर छापलेल्या वॉटवर विसंबू नका.

सेन्सर: ठोकळ्याच्या मध्यात एक, दोन्ही ब्लॉकवर एकेक, दोन्ही सिंकच्या मध्यावर एकेक, एका पाइपच्या वरच्या टोकाला एक, आणि खोलीतल्या हवेला एक, जुळणीपासून मीटरभर लांब आणि सिंकच्या खालच्या पातळीवर. आठवा सेन्सर पुढे स्टॅकच्या शेवटच्या प्लेटसाठी ठेवा. सिंकच्या खाली आणि वर किमान १०० मिमी मोकळं. पंखा, एसी बंद. सीलिंग फॅन चालू ठेवून घेतलेले आकडे सुंदर येतात आणि निरुपयोगी असतात.

सगळं मिळून सात-आठ किलो ॲल्युमिनियम तापायचं असतं, म्हणून स्थिर व्हायला सव्वा तास लागतो. १५ मिनिटांत आकडा अर्ध्या डिग्रीपेक्षा कमी हलला की नोंद घ्या.

१०० वॉटला ठोकळा आणि हवा यांच्यातला फरक २० डिग्रीच्या आत हवा. २५ नाही, २०. भरीव ॲल्युमिनियममध्ये ग्राफाइटच्या प्लेटचे ते ५ डिग्री खर्च होत नाहीत, खऱ्या स्टॅकमध्ये होणार आहेत. खोली ३० असेल तर ठोकळा ५० वर थांबला पाहिजे.

फरक जास्त आला तर अंदाज करत बसायची गरज नाही, सेन्सरच सांगतात. ठोकळा आणि ब्लॉकमध्ये ५ च्या वर गेले तर पॅड नीट दबलेला नाही, किंवा त्याची वरची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली. हसू नका, हे होतं. ब्लॉक आणि सिंकमध्ये ७ च्या वर गेले तर खाच सैल आहे किंवा एखादा पाइप गेला. तिन्ही पाइपच्या मोकळ्या भागात सेन्सर फिरवून बघा, निकामी पाइप इतरांपेक्षा थंड असतो. सिंक आणि हवेत १४ च्या वर गेले तर फिनमधून हवा वाहत नाही: सिंक भिंतीला चिकटलाय, आडवा लावलाय, किंवा वर झाकण आहे. डावी आणि उजवी बाजू यांच्यात ३ डिग्रीचा फरक म्हणजे एका बाजूचे बोल्ट कमी आवळलेत.

आता १२५ वॉट. पंख्याशिवाय खऱ्या स्टॅकला ४० डिग्रीच्या हवेत हे ७० च्या पुढे नेईल, आणि तिथे मेम्ब्रेन सुकायला लागतं. १२० मिमीचे १२ व्होल्टचे दोन पंखे, एकेक दोन वॉटचा, सिंकखाली वरच्या दिशेने फुंकतील असे लावा. हवेचा खर्च १२ वरून ४-५ वर येतो आणि १२५ वॉटलाही स्टॅक ६२ च्या आसपास राहतो. हे पंखे ५० डिग्रीच्या थर्मोस्टॅटवरून चालवा, थर्मोस्टॅट सिंकच्या मध्यावर. डिसेंबर-जानेवारीत ते बहुतेक वेळ बंदच राहतील.

पाचवी पायरी: खरा स्टॅक

हायड्रोजन फ्लॅटमध्ये नाही, सोसायटीच्या गच्चीवरच्या बंद खोलीत नाही. हवेत ४ ते ७५ टक्के असताना तो पेट घेतो आणि ज्योत उजेडात दिसत नाही. वरच्या बाजूने उघडी जागा, छताला कोपऱ्यात न साचणारी रचना, आणि कॉलेजची प्रयोगशाळा किंवा परवानगी असलेलं वर्कशॉप. सिलिंडरवर गॅस सिलिंडर्स रूल्स २०१६ लागू होतात, तो पेसोच्या (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) नियमात बसणाऱ्या पुरवठादाराकडूनच. ज्वलनशील वायूच्या व्हॉल्व्हचे आटे डावे असतात. रेग्युलेटर बसत नाही म्हणून जबरदस्ती करू नका आणि आट्यांना टेप लावून जुगाडही नको. गळती साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोडावर.

१०० वॉटला मिनिटाला १.१ लिटर हायड्रोजन लागतो. मेटल हायड्राइडचा डबा (धातूच्या पुडीत हायड्रोजन शोषून ठेवणारा) वापरत असाल तर एक फायदा पदरात पाडून घ्या. हायड्रोजन सोडताना तो डबा उष्णता शोषतो, या प्रवाहाला साधारण २४ वॉट. उष्णता मिळाली नाही की डबा गार पडतो आणि दाब उतरतो. तो सिंकच्या वरच्या गरम हवेत ठेवला की प्रवाह टिकून राहतो. मात्र सिंकचा वरचा मार्ग पूर्ण झाकू नका.

७५ डिग्रीला तुटणारा थर्मोस्टॅट ब्लॉकवर बसवा आणि हायड्रोजनच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या वायरमध्ये घाला. व्हॉल्व्ह वीज गेल्यावर बंद होणारा असावा. हा कट-ऑफ सॉफ्टवेअरवर सोपवू नका.

लोड एकदम देऊ नका. २ अँपिअरवर दहा मिनिटं, मग ४, मग ६, मग ७.७. प्रत्येक टप्प्याला मधल्या आणि शेवटच्या प्लेटचं तापमान बघा. मधली जास्त गरम असणारच, फरक ५ डिग्रीच्या आत हवा. कुठल्याही सेलचा व्होल्टेज ०.४ च्या खाली गेला की लोड काढा. आधी हायड्रोजनकडचा पर्ज (साचलेलं पाणी वायूबरोबर बाहेर फेकणारा व्हॉल्व्ह) उघडून बघा, कारण गारठ्यात पाणी साचणं आणि उकाड्यात मेम्ब्रेन सुकणं दोन्ही व्होल्टेजला सारखंच खाली आणतात. पर्ज केल्यावर व्होल्टेज लगेच सावरला तर पाणी साचलं होतं. नाही सावरला आणि स्टॅक ६५ च्या वर असेल, तर सुकलंय. लोड कमी करा, तापमान उतरू द्या.

पाणी साचण्याचा त्रास हीट पाइपवाल्या जुळणीत जरा जास्त. या स्टॅकमध्ये पूर्ण लोडला तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी तयार होतं. पंप बंद करता येतो, हीट पाइप बंद करता येत नाही. हलक्या लोडला, जानेवारीच्या सकाळी, स्टॅक ३५ च्या वर चढतच नाही आणि तयार झालेलं पाणी चॅनलमध्येच बसतं. वायूच्या साठ्याने आपोआप चालू-बंद होणारे हीट पाइप असतात, पण या कामाला ते महाग पडतात. सिंकच्या खालच्या तोंडावर सरकणारी पत्र्याची झडप लावा आणि स्टॅक ५० ला येईपर्यंत ती बंद ठेवा. एवढं पुरतं.

जागा आणि पावसाळा

काळ्या सिंकवर थेट ऊन पडलं तर २५० × २५० मिमीचा चेहरा ५० वॉटपर्यंत उष्णता उलट आत घेतो. दोन सिंक उन्हात म्हणजे स्टॅकच्या बरोबरीची दुसरी भट्टी. उत्तरेकडची भिंत किंवा दोन पदरी शेड, आणि दोन पदरांमध्ये हवा वाहती. जुळणी सरळ उभी हवी. २०-३० अंश कललेली चालते. उलटी केली तर पाणी वातीतून वर चढवावं लागतं आणि ३५० मिमी उंचीवर क्षमता जवळपास संपते.

खाडीलगत, वाशी, कोपरखैरणे, ठाणे पूर्व या भागात हवेत मीठ असतं आणि जून ते सप्टेंबर ओल. तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे पांढरी पूड धरते, तीच जोडातली डिग्री वाढवते. निकेल प्लेटिंग यासाठीच. खाचेच्या दोन्ही तोंडांना न्यूट्रल सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ ओढा. आंबट वासाचा साधा सीलंट नको, त्यातलं ॲसिड तांब्याला खातं. पावसाळ्यात जुळणी बंद ठेवायची असेल तर स्टॅकची वायूची तोंडं बूच लावून बंद करा, म्हणजे मेम्ब्रेन सुकणार नाही आणि बाहेरची ओल आत येणार नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा हीटरची चाचणी घेता आली तर उत्तम. नाहीतर निदान ६ अँपिअरला तेच सात सेन्सर वाचा आणि पहिल्या वेळच्या नोंदीशेजारी लिहा. ब्लॉक आणि सिंकमधला फरक दोन डिग्रीने वाढला असेल तर पट्ट्या उघडून जुनी पेस्ट पुसा आणि नवी लावा. ब्लॉक उघडलाच आहे तर सगळ्या प्लेटचं मेगाओहमचं मोजमाप पुन्हा घ्या. पॅड एकदा दबला की पूर्ववत होत नाही, तो नवाच टाका.